डावी पायरी

बाई दारात येण्याआधी शेणाचा वास आला, आणि भाऊजींनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

भाऊजींची उमेदीची सगळी वर्षं सुटाच्या कापडाच्या दुकानात गेली होती. लोकर, अस्तर आणि कडक इस्त्री यांपलीकडे त्यांच्या नाकाला कशाची सवय नव्हती. निवृत्तीनंतर वहिनींची गाडी चालवायचं त्यांनी कबूल केलं ते ‘खाजगी तपास’ या दोन शब्दांना भुलून. त्यांच्या डोळ्यांपुढे हिरे, मृत्युपत्रं आणि मखमली पडदे होते. वाट्याला काय आलं, तर गंज आणि ग्रीस. पांढरे शर्ट घालायचं मात्र त्यांनी हट्टानं सोडलं नव्हतं.

वहिनींना सगळे पारखीबाई म्हणत. विमा कंपनीसाठी मोडकी यंत्रं तपासता तपासता त्यांचे केस पिकले होते. आता त्या स्वतःच्या नावावर कामं घेत, आणि यंत्र खोटं बोलतंय की माणूस, एवढं शोधून देत.

आलेली बाई गोठेवाली होती. मागे तिची लेक. अंगानं मजबूत, केस टोपीत कोंबलेले.

“एक जुना स्किड लोडर घ्यायचाय,” गोठेवाली म्हणाली. “गोठ्यातलं शेण उपसायला. घ्यावा का नको, तेवढं सांगा.”

“स्किड लोडर म्हणजे?” भाऊजींनी विचारलं.

“बुटकं चारचाकी मशीन असतं, काका,” लेक उत्साहानं म्हणाली. “आपण मधल्या पिंजऱ्यात बसायचं. दोन्ही बाजूंनी दोन लोखंडी हात पुढे जातात आणि बकेट उचलतात. जागच्या जागी गर्रकन वळतं.”

“चालवणार कोण?” पारखीबाईंनी विचारलं.

“हीच,” गोठेवाली म्हणाली. “म्हणून तर आले. मला एकच लेक आहे, बाई. आणि त्या कोंबड्यांच्या शेडवर काय झालं ते ऐकलंत ना तुम्ही?”

ते सगळ्यांनीच ऐकलं होतं. शेडवरचा चालक लोडरच्या लोखंडी हाताखाली चिरडून मेला होता. मालकानं सांगितलं, प्यायला होता, स्वतःच बाहेर वाकला. चौकशी अजून रेंगाळत होती.

“तो लोडर कुठाय?”

“भंगारात गेला. एकच होता त्या शेडवर. माझा भाऊ तिथं मुकादम आहे, त्यानं डोळ्यांदेखत कापताना पाहिला. हा दुसरा त्यानंच शोधून दिलाय. म्हणतो, फुलासारखा आहे, डोळे मिटून घे.”

“मग डोळे का मिटत नाही?”

गोठेवाली जरा घुटमळली. “भाऊ जीव लावणारा आहे हो. पण साधी बादली घ्यायची तरी चार दुकानं फिरणारा. आणि ह्या वेळी एकच धोशा, घेतलास का, घेतलास का.”

पारखीबाई उठल्या आणि त्यांनी पिशवी उचलली. भाऊजींनी चहाकडे एकदा शेवटचं पाहिलं.

*

जुन्या यंत्रांच्या यार्डात पाय कुठे ठेवावा हाच भाऊजींना प्रश्न पडला. जमिनीवर काळं तेल आणि पाणी यांचा चिखल झाला होता आणि त्यावर सप्तरंगी तवंग तरंगत होता. कोपऱ्यात टायरांच्या ढिगावर एक कुत्रं खरूज खाजवत पडलं होतं. यार्डवाला शेठ समोर आला तो गाडीच्या किल्लीनं कान कोरत. किल्ली त्यानं पँटला पुसली आणि तोच हात पुढे केला. भाऊजींनी घाईघाईनं नमस्कार केला.

“या, या! हा बघा आपला हिरा,” शेठ म्हणाला.

लोडर पिवळाधमक होता. रंग इतका ताजा, की आसपासच्या गंजात तो लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता.

“रोपवाटिकेतला माल,” शेठ म्हणाला. “माती आणि कुंड्या, बस्स. एका हातचा.”

लोडरशेजारी एक उंच, टापटीप माणूस उभा होता. त्यानं पुढे होऊन लेकीच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला. हाच मामा, म्हणजे गोठेवालीचा भाऊ. सबंध यार्डात नखं स्वच्छ असलेला हा एकच माणूस, म्हणून भाऊजींना तो बघताक्षणी आवडला.

“बसून तर बघ,” मामा भाचीला म्हणाला. “डाव्या पायरीवर भार देऊ नकोस हं, फिरते ती. उजवीकडून चढ. थांब, सीट पुसतो.”

त्यानं खिशातला रुमाल काढून सीट पुसली. लेक उजवीकडून चढून आत बसली. डोक्यावर उभा असलेला एक जाड दांडा तिनं धरला आणि खाली ओढला. बिजागरीतून असा कर्कश आवाज आला की कुत्रं उठून बसलं.

“हा पोटावर घ्यायचा,” तिनं भाऊजींना समजावलं. “नव्या मशीनवर कंपनीच्या माणसानं शिकवलंय मला. दांडा खाली, तरच पेडल चालतं. दांडा वर असला की पेडल मेलं. कितीही दाबा, हात हलत नाहीत.”

“बिजागरी गंजलीय,” पारखीबाई म्हणाल्या.

“रोपवाटिकेत तेल कोण घालतो, बाई!” शेठ हसला.

पारखीबाई वाकून पेडलांकडे बघत होत्या. पेडलांवरचं रबर झिजून आतलं लोखंड चमच्यासारखं चकाकत होतं.

“चालू करू?” लेकीनं विचारलं.

“नको. तू उतर आणि आईला घेऊन बाहेर चहा पी. मी बोलावीपर्यंत यायचं नाही,” पारखीबाई म्हणाल्या. मामाही त्या दोघींबरोबर गेला.

मग पारखीबाईंनी यार्डातल्या मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री आला, बिडी ओठांतून न काढता आत बसला, आणि त्यानं इंजिन सुरू केलं. काळ्या धुराचा लोट भाऊजींच्या शर्टावर आला. लोखंडी हात वर गेले, खाली आले. मिस्त्रीच्या डोक्यावर तो दांडा फांदीसारखा उभाच होता. भाऊजींचं लक्ष शर्टावर पडलेल्या काजळीच्या ठिपक्यांकडे होतं.

“पुरे,” पारखीबाई म्हणाल्या. “बंद करा, आणि किल्ली तशीच राहू द्या.”

मिस्त्री गेल्यावर त्यांनी सीटचं नवंकोरं कव्हर मागून उसवलं, आतल्या जुन्या स्पंजला नाक लावलं आणि भाऊजींना बोलावलं.

“हुंगा.”

“वहिनी, मी?”

“तुमचं नाक माझ्यापेक्षा कोरं आहे.”

भाऊजींनी श्वास घेतला आणि पुढच्या क्षणी ते डोळे पुसत मागे सरले. कुणी नाकात सुई खुपसावी तसा वास होता.

“शेण?” पारखीबाईंनी विचारलं.

“शेण आता मला ओळखता येतं,” भाऊजी खोकत म्हणाले. “हे त्याच्याहून घाण आहे. शी!”

पारखीबाईंनी रेडिएटरच्या जाळीत चिमटा घातला आणि काहीतरी पांढुरकं, मऊ बाहेर ओढून भाऊजींच्या खिशात टाकलं.

“कापूस?” भाऊजींनी अंग चोरत विचारलं.

“कापसाला मधोमध दांडी असते का, भाऊजी?”

मग त्यांनी यंत्राच्या अंगावरची चार रिकामी भोकं दाखवली. त्यांच्यामधल्या चौकोनात जुना रंग अजून दिसत होता. तिथे कंपनीच्या नंबराची पाटी असायला हवी होती.

*

शेठचं ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. टेबलावर उष्ट्या कपांची रांग आणि त्यांत बुडालेल्या माश्या. भाऊजी उभेच राहिले.

“रोपवाटिका कुठली?” पारखीबाईंनी विचारलं.

“आता ते...”

“शेठ, त्या सीटमध्ये माती नाही, विष्ठा मुरलीय. रोपवाटिका कुठली?”

शेठनं पुन्हा कानात किल्ली घातली. “दलालानं आणून घातला. तो म्हणाला रोपवाटिका, मी म्हटलं रोपवाटिका. म्हणायला माझं काय जातंय?”

“पाटी?”

“आला तेव्हाच नव्हती. शप्पथ. मी फक्त रंगवला. बाई, नवरी नटवल्याशिवाय कोण बघायला येतं?”

भाऊजींना त्याची मनापासून शिसारी आली. हाच तो, त्यांनी मनात ठरवून टाकलं.

मिस्त्री बाहेर एका बॅटरीवर बसून भाकरीचा तुकडा खात होता. ग्रीसनं काळी झालेली बोटं तो एकेक करून चाटत होता. भाऊजींनी मान फिरवली.

“काय काय काम केलंस ह्याच्यावर?” पारखीबाईंनी विचारलं.

“रंग मारला. सीटचं कव्हर घातलं. डाव्या पायरीला वेल्डिंग मारलं, गाडीवरनं उतरवला त्याच दिवशी. तेल बदललं. तेल म्हणजे काय होतं, नुसती काकवी.”

“आणि वायरिंग?”

“ते डायरेक्टच होतं आधीपासून. मी हात नाही लावला. शेठनं सांगितलं, रंगापुरतं बघ.”

निदान काहीतरी डायरेक्ट आहे, दलालाविना आहे, असं वाटून भाऊजींना त्यातल्या त्यात बरं वाटलं. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पारखीबाईंनी त्यांच्याकडे फक्त एकदा पाहिलं.

मामा चहाच्या टपरीजवळ एकटाच सापडला. तो अदबीनं उठून उभा राहिला.

“हा लोडर तुम्हाला कसा मिळाला?”

“रस्त्यानं जाताना दिसला, बाई. पिवळा, चकाचक. तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. म्हटलं, ताईला उपयोगी पडेल.”

“चालवून पाहिलात?”

“छे! चढलोसुद्धा नाही. गुडघे कुठे साथ देतात आता?”

“पाटी नाही त्याला. कंपनीला फोन करून काही कळतं का बघू?”

“कंपनीच्या नादी नका लागू,” मामा पटकन म्हणाला. “नंबर मागतील, शंभर प्रश्न विचारतील. साधा स्क्रू नंबराशिवाय देत नाहीत ते लोक. शेण तर उपसायचंय, पाटी काय चाटायचीय?”

“तुमच्या शेडवरचा तो चालक... तुम्ही होतात तिथं?”

मामाचा चेहरा पडला. “होतो. काय सांगू? प्यायला होता. दांडा वर केला, बाहेर वाकला, पाय पडला पेडलवर, आणि हात आला खाली. स्वतःच्या पायानं मेला बिचारा. तसलं मशीन परत डोळ्यांपुढे नको म्हणून कापून टाकलं आम्ही.”

त्यानं रुमालानं डोळे टिपले. भाऊजींना भडभडून आलं.

परत जाताना त्यांनी वहिनींना आपलं मत सांगितलं. “शेठनं कुठल्यातरी कोंबडीवाल्याचा माल रोपवाटिकेचा म्हणून खपवला. मिस्त्री सामील. ह्या सज्जन माणसाला फसवलं. सरळ आहे.”

“घाण बरोबर ओळखलीत, भाऊजी,” पारखीबाई म्हणाल्या. “पण ती कुठून येतेय ते चुकलं.”

टपरीच्या कोपऱ्यावर थांबून त्यांनी एक फोन केला आणि मगच त्या यार्डात शिरल्या.

*

सगळे लोडरभोवती उभे राहिले. ऊन चढलं होतं आणि उसवलेल्या सीटमधून वास आता मोकळा सुटला होता.

“लेकी,” पारखीबाई म्हणाल्या, “डाव्या पायरीवर चढ.”

“अगं, नको...” मामा पुढे झाला.

लेक चढली. पायरी हलली नाही. पारखीबाईंनी तिला उडी मारायला सांगितली. तिनं दोनदा दणादण उड्या मारल्या. पायरी ढिम्म.

“मामा, ही पायरी फिरते असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

मामानं रुमाल काढला आणि परत खिशात ठेवला.

“हा लोडर यार्डात उतरला त्याच दिवशी मिस्त्रीनं पायरीला वेल्डिंग मारलं. तुम्ही तर तो रंगवल्यावर पहिल्यांदा पाहिलात आणि चढलासुद्धा नाहीत. मग पायरी फिरत होती हे कळायला तुम्ही त्याच्या आधी हिच्यावर पाय दिलेला असला पाहिजे. पुष्कळ वेळा. इतक्या वेळा, की भाची चढताना जिभेवर आपोआप आलं.”

“पण म्हणून...” शेठ म्हणाला.

“भाऊजी, खिशातलं काढा.”

भाऊजींनी दोन बोटांनी ते काढलं. ते पीस होतं.

“पीस आणि सीटमधला वास सांगतात की हा कोंबड्यांच्या शेडवरचा. पण तशा शेडी पुष्कळ असतील. पायरी सांगते की हा मामांच्या शेडवरचा. तिथं एकच लोडर होता, आणि तो कापताना मामांनी डोळ्यांनी पाहिलाय.”

गोठेवालीनं भावाकडे पाहिलं. “दादा?”

“आता दांड्याचं बघू,” पारखीबाई पुढे म्हणाल्या. “पेडल झिजून गुळगुळीत झालंय, म्हणजे लोडर राब राब राबलाय. दांड्याची बिजागरी मात्र गंजून कुरकुरते, म्हणजे दांडा खाली कधी आलाच नाही. लेकी, दांडा वर असला की काय होतं म्हणालीस?”

“पेडल मरतं. हात हलत नाहीत.”

“मघाशी मिस्त्रीनं दांडा वर ठेवूनच हात उचलले. भाऊजींच्या डोळ्यांसमोर.”

भाऊजींना फांदीसारखा उभा दांडा आठवला, आणि आपण त्या वेळी शर्ट बघत होतो हेही आठवलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“दांड्याखाली एक स्विच असतो. तो काढून तिथं वायरचा तुकडा जोडला की मशीनला वाटतं दांडा कायम खालीच आहे. मिस्त्रीलोकांच्या भाषेत त्याला म्हणतात डायरेक्ट करणं.”

“मी तेच तर बोललो!” मिस्त्री ओरडला.

“बोललास. आणि मामाही बोलले. दांडा वर केला, पाय पेडलवर पडला आणि हात खाली आला, हे त्यांचेच शब्द. दांडा वर असताना पेडल जिवंत कसं? चालकानं काही चूक केली असेल-नसेल. पण स्विच शाबूत असता तर त्याच्या पायाखाली मेलेलं पेडल असतं, आणि तो आज जिवंत असता.”

कुत्रं पुन्हा खाजवायला लागलं.

“पाटी काढली, कारण तिच्यावरचा नंबर चौकशीत नोंदलेला आहे. नवा स्विच बसवला नाही, कारण कंपनी नंबराशिवाय स्क्रूसुद्धा देत नाही. आणि दलालाच्या गळ्यात घातला तरी बाजारात मोकळा सोडवेना, कारण कोण कुठे नेईल, कोण ओळखेल, ही धास्ती. बहिणीच्या गोठ्यात शेणानं माखला की जन्मात कुणी ढुंकून बघणार नाही. म्हणून ती घाई.”

“एक वायर होती हो,” मामा एकदम म्हणाला. आवाज अगदी साधा होता, हिशेबातली बारीक चूक कबूल करावी तसा. “दर खेपेला दांडा वर, दांडा खाली. वेळ जायचा, मालक ओरडायचा. मी एक वायर जोडली. सगळीकडे करतात. माझ्यावर आलं असतं तर मालकानं हात झटकले असते.”

“आणि तो प्यायला होता?” पारखीबाईंनी विचारलं.

“नव्हता,” मामा म्हणाला. “मालक म्हणाला, तसं सांगायचं.”

गोठेवाली हळूहळू त्याच्याजवळ गेली. “त्याच्या बायकोकडे मी दूध घालते. दारुड्याची बायको म्हणतात तिला. मान वर न करता पातेलं पुढे करते ती. आणि त्याच सीटवर तू माझ्या पोरीला बसवलंस? वर रुमालानं पुसून दिलीस?”

“ताई, मी सांगणार होतो तिला. दांड्याचं. हळूहळू, सवडीनं...”

“पायरीचं पहिल्या मिनिटाला सांगितलंस.”

मामा पायरीकडे बघायला लागला.

“पाय मुरगळेल एवढी काळजी होती तुला,” ती म्हणाली. “जीव गेला तर चाललं असतं. दादा, माणसानं किती पायरी सोडावी रे!”

मामानं जिथे हात फिरवला होता ती टोपी लेकीनं काढली आणि बाजूच्या तेलकट चिखलात टाकून दिली.

त्या माणसाच्या स्वच्छ नखांकडे भाऊजींना बघवेना.

“म्हणजे घेऊ नको ना?” गोठेवालीनं डोळे पुसून विचारलं. ती ह्याच प्रश्नासाठी आली होती.

“घेऊ नका. पण हलूही देऊ नका,” पारखीबाई म्हणाल्या. “चौकशी अधिकारी निघालेत. वायर जिथल्या तिथं दिसली पाहिजे.”

ते ऐकताच शेठचा नूर पालटला. “माझ्या यार्डात नको ही ब्याद! मिस्त्री, काढ बाहेर. मागच्या फाटकानं. आत्ताच्या आत्ता!”

मिस्त्री निघाला. मामाही त्या बाजूला सरकला. किल्ली लोडरलाच होती.

आणि मग जे झालं ते पारखीबाईंनीही ताडलं नव्हतं. भाऊजींनी चिखलात पचकन पाय टाकला. डाव्या पायरीवरून ते धापा टाकत चढले आणि त्या उसवलेल्या, बरबटलेल्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या सीटवर बसले. किल्ली काढून त्यांनी खिशात पिसाशेजारी टाकली.

“उतरा काका, मशीन माझी आहे,” शेठ गुरगुरला.

“ओढून काढा,” भाऊजी म्हणाले. ते जागचे हलले नाहीत.

त्या घाणीत बसलेल्या वयस्क माणसाला ओढून काढायला कुणी धजावलं नाही. गोठेवालीनं बाहेर जाऊन दुधाचा टेम्पो मागच्या फाटकाला आडवा लावला, आणि लेक लोडरच्या समोर येऊन उभी राहिली.

“भाऊजी,” पारखीबाई हळूच म्हणाल्या, “शर्ट खराब होतोय.”

“होऊ दे,” भाऊजी म्हणाले. त्यांनी नाक चिमटीत धरलं, दुसऱ्या हातानं तो दांडा कर्रकन खाली ओढला आणि पोटावर घट्ट धरून ठेवला. अधिकारी येईपर्यंत ते तसेच बसून होते.